साहेबाचा कमेन्स, पार्बताबाईच्या कळा

पार्बताबाईचं नाव निघालं की आमच्या घरात सगळे हात जोडतात. तिच्या हातांत जन्मलेली माणसं अमरावतीपासून अंजनगावापर्यंत पसरली आहेत, तेव्हा जोडणारच. पण मला त्या हात जोडण्याचा कंटाळा आला आहे. ती माझ्या आजीची सख्खी बहीण. मी तिला म्हातारपणी पाहिलं, तिच्या पायांना तेल चोळलं, तिच्या शिव्या खाल्ल्या. देवीबिवी काही नव्हती ती. तापट होती, हट्टी होती, भाजीत मीठ जास्त घालायची आणि कुणी बोललं तर त्याच्यापुढचं ताट ओढून घ्यायची. एकदा का माणसाची देवी केली की त्याला कुणी काही विचारत नाही, आणि ते बिचारं सगळं मनात घेऊन बसतं.

अमरावती मागे पडली आणि वलगावच्या रस्त्याला लागलं की डाव्या हाताला तिचा मळा होता. वांगी, मेथी, कडेनं झेंडू. नवरा नत्थुजी भाजी घेऊन बाजाराला जायचा आणि ही मळा सांभाळायची. सुईणपण तिच्याकडे सासूकडून आलं. सासूनं तिला दोन गोष्टी शिकवल्या, असं ती म्हणायची. हात गरम ठेवायचे, आणि तोंड बंद ठेवायचं.

तोंड बंद ठेवायचं कारण आमच्याकडच्या बायकांना सांगावं लागत नाही. कळा लागल्या की त्या कुणाला कळू द्यायच्या नाहीत. जितक्या कानांवर बातमी जाईल तितकं बाळंतपण लांबतं, असा सगळ्यांचा पक्का समज. पोटुशी बाई ओठ दाबून चुलीपाशी बसून राहते, सासू हळूच परसदारानं सुईणीला आणते, आणि ओसरीवरच्या पुरुषांना पोर रडल्यावरच कळतं. पार्बताबाई तर यात एवढी तरबेज, की घरात पाऊल टाकल्याबरोबर सासऱ्याला म्हणायची, “मामाजी, तुमचं वासरू नाल्याकडं गेलं वाटते.” वासरू गोठ्यातच असायचं. सासरा, दीर, शेजारचे दोघं-तिघं काठ्या घेऊन नाला पालथा घालायचे आणि घामाघूम होऊन परत यावं तर घरात नातू. सुटणाऱ्या बाईभोवती तिला गाठ म्हणून चालायची नाही. वेणी सोडायची, पेटीचं कुलूप काढायचं, धान्याच्या पोत्याची सुतळीसुद्धा सैल करायची. हे सगळं गुपचूप.

तिकडे अमेरिकेत आपसांत लढाई जुंपली होती. तिथला कापूस विलायतेला जाईना, म्हणून विलायतेची नजर आमच्या काळ्या मातीवर पडली. त्या वर्षांत वऱ्हाडात कापूस विकणारा माणूस चांदीची कडी घातलेले बैल हाकत होता म्हणतात. मी काही ते पाहिलेलं नाही. पण गाड्यांची रांग मात्र खरी. अंजनगाव, दर्यापूरकडून निघालेल्या कापसाच्या गाड्या वलगावावरून अमरावतीच्या बाजारात उतरायच्या, आणि हंगामात मळ्यासमोरचा रस्ता दिवसभर वाहायचा नाही, नुसता तुंबायचा. त्याच रस्त्याला, मळ्यापासून हाकेच्या अंतरावर, कापूस खरेदी करणाऱ्या एका साहेबानं बंगला बांधला. पार्बताबाईचा पुतण्या देवीदास त्या साहेबाचा दुभाषा झाला.

देवीदास म्हणजे आमच्या माळ्यांच्या घरातला इंग्रजी शिकलेला पहिला माणूस. अकोल्याला एका ओळखीच्या घरी राहून शिकला. त्यानं डोक्यावर पागोटं घालून साहेबाच्या ओसरीवर उभं राहावं आणि भावकीनं रस्त्यावरून जाताना मुद्दाम हळू चालावं, असे दिवस होते. पार्बताबाईनं त्याला अंगाखांद्यावर खेळवलेलं. तो तिला काकू म्हणायचा आणि ती त्याला, साहेबासमोरसुद्धा, देव्या म्हणायची.

साहेबाची मडम वयानं लहान होती. पहिलटकरीण. विलायतेहून येऊन तिला वर्षही झालं नव्हतं. तिची आया तापानं आजारी पडून कामठीला निघून गेली, तेव्हा देवीदासनं काकूचं नाव सुचवलं. डॉक्टर अमरावतीला राहायचा. तो एकदा येऊन बघून गेला आणि म्हणाला, दाई जवळ असू द्या, पण बाळंतपण मी करीन. पुढे साहेबाला कापसाच्या गाठींच्या पाठवणीसाठी अकोल्याला जाणं भाग पडलं. निघताना त्यानं देवीदासला आणि पार्बताबाईला समोर उभं केलं, एकच हुकूम दोनदा सांगितला आणि घोड्यावर बसला.

“काय म्हनला रे?” पार्बताबाईनं विचारलं.

“लेबर कमेन्स झाल्याबरोबर डाक्तराकडं स्वार पाठवायचा. सूर्यभान घोडा घेऊन दारात बसून राहीन. एक घडी उशीर झाला तं माही नोकरी गेली समज.”

“कमेन्स म्हंजे काय?”

“सुरू होनं.”

पार्बताबाई काही अशी सोडणारी नव्हती. साहेब कापूस दाबणाऱ्या मजुरांवर रोज सकाळी ओरडायचा ते तिनं मळ्यातून ऐकलं होतं. “सुरू होन्याले तं तो बिगिन म्हनते ना?”

देवीदासला असा प्रश्न कुणी विचारला की बरं वाटायचं. त्यानं तिला बंगल्याच्या पायरीवर बसून समजावलं. दोन्हींचा अर्थ एकच, पण वापर निराळा. बिगिन हे घरातलं. जेवायला बसणं, कामाला हात लावणं, हे बिगिन. कमेन्स हे कचेरीतलं. कोर्टाचं काम कमेन्स होतं, लढाई कमेन्स होते, माणसाची नोकरी कमेन्स होते. ज्याची वेळ चारचौघांत सांगतात, ज्याबद्दल उद्या कुणी विचारलं तर उत्तर द्यावं लागतं, ते कमेन्स.

“मंग बायकोचं बाळंतपन काहून कमेन्स? ते काय कचेरीत होनार हाय?”

“साहेबलोकांत तसंच म्हनतात, काकू.”

तिला तो शब्द आवडला नाही. नुसता आवडला नाही असं नाही, तिला त्याची धास्ती बसली. जी गोष्ट चोरपावलांनी सुरू व्हायची, तिच्या दाराशी घोडा बांधून ठेवायचा आणि सुरू होताच रस्त्यानं त्याच्या टापा वाजवत जायचं? दवंडीच ती. त्या पोरीचं कसं व्हायचं? हे ती मला सांगत होती तेव्हासुद्धा तिचा आवाज चढला होता.

मडमला मात्र गंमत वाटली. देवीदासनं तिला सांगितलं होतं की दाईला हा एक इंग्रजी शब्द येतो. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, म्हणून तोच त्यांचा बोलण्याचा धागा झाला. पार्बताबाई सकाळी आली की मडम म्हणायची, “गुड मॉर्निंग, पार्बटा,” आणि मग पोटावर हात ठेवून भुवया उंचावायची, “कमेन्स?” पार्बताबाई पोट चाचपून मान हलवायची. नाही. मग दोघी हसायच्या. पार्बताबाई तिच्या पडद्यांच्या दोऱ्या सोडायची, पेट्यांची झाकणं उघडी टाकायची, आणि मडम ते बघत बसायची. तिची आई समुद्रापार होती. तिला जवळ कुणीतरी हवं होतं, आणि हिच्याशिवाय तिथं कुणी नव्हतं.

त्या दिवशी सकाळी मडम खिडकीपाशी काहीतरी शिवत बसली होती. शिवता शिवता तिची सुई थांबली. थोड्या वेळानं पुन्हा चालू झाली. पुन्हा थांबली. पार्बताबाईनं तिच्या कंबरेवर हात ठेवला, पोटावर ठेवला, आणि तिला कळलं. बाहेर गवतावरचं दवसुद्धा अजून वाळलं नव्हतं.

मडमनं वर बघितलं. “कमेन्स?”

पार्बताबाईनं मान हलवली. नाही.

मडमनं तिच्यावर विश्वास ठेवला. तिला वाटलं असेल, बसून बसून पाठ धरली. पहिलटकरणीला काय कळतं? तिनं पुन्हा शिवण हातात घेतलं. पार्बताबाईनं खोलीतल्या उरलेल्या गाठी सोडल्या, पाणी तापत ठेवलं आणि आपल्या मनाशी ठरवलं की जरा मोकळं होऊ दे, रस्ता धरू दे, मग त्या घोड्याला पाठवू. शंभर बाळंतपणांत जे केलं तेच ती करत होती. त्या पोरीला त्रास कमी व्हावा एवढंच तिच्या मनात होतं. हे मी तिची बाजू घेऊन म्हणत नाही. होतंच तसं.

ओसरीवर देवीदासचा जीव टांगणीला लागला होता. रस्त्यावर गाड्यांना गाड्या भिडल्या होत्या, कुणाच्या तरी गाडीचा आस तुटला होता आणि वलगावापासून आरडाओरडा ऐकू येत होता. तो दारापाशी येऊन विचारायचा, “काकू, काही?”

“काही नाई. तू तिकडं बस.”

“रस्ता तुंबून राहिला वो. आज असं काही झालं तं...”

“म्हटलं ना काही नाई!”

ऊन वर आलं तशी मडमला शिवण धरवेना. ती पलंगाची दांडी धरून उभी राहायची, घामानं भिजायची, आणि दर वेळी त्याच शब्दानं विचारायची. आता विचारताना ती हसत नव्हती. पार्बताबाई तिची पाठ चोळायची आणि मान हलवायची. एकदा नाही म्हटल्यावर हो कसं म्हणायचं, हीही एक अडचण होऊन बसली होती. आणि तिचे हात तिला सांगत होते की काहीतरी बरोबर नाही. पोट खाली उतरत नव्हतं. सगळ्या गाठी सोडल्या होत्या, बातमी कुणाच्या कानावर गेली नव्हती, तरी वाट अडली होती. तिला भीती वाटायला लागली. आपल्याला भीती वाटते हे कळल्यावर ती आणखी घाबरली.

दुपारी पाणी फुटलं, आणि तिच्या हाताला पोराचं डोकं लागण्याऐवजी पाऊल लागलं.

पायाळू. तशी पोरं तिनं काढली होती. काही जगली होती. पण ही बाई अंगानं बारीक होती, आणि सकाळपासून थकलेली. पार्बताबाई धावत ओसरीवर आली आणि रस्त्यावरच्या गाडीवानांनीसुद्धा माना वळवाव्यात अशा आवाजात ओरडली, “कमेन्स! देव्या, कमेन्स! पाठव त्याले!”

सूर्यभान घोड्यावर बसला आणि रस्ता सोडून शेतातल्या कापसाच्या पराट्यांतून निघाला.

पुढचे काही तास ती मला नीट सांगू शकली नाही. डॉक्टर घरी नव्हता, दुसऱ्या रोग्याकडं गेला होता, तिथून त्याला आणावं लागलं. त्याच्या सामानासाठी गाडी जुंपावी लागली आणि ती गाडी कापसाच्या रांगेत अडकली. शेवटचा पल्ला तो पेटी हातात घेऊन चालत आला. इकडे मडम आधी ओरडत होती, मग कण्हायला लागली, मग तेही कमी झालं. पार्बताबाई म्हणाली, “ओरडते तोवर भेव नसते बाई. गप्प झाली का भेव.” पोराचं पाऊल तिथंच होतं. ओढायची तिची छाती होईना, आणि सोडायचीही होईना.

डॉक्टर आत आला, बाह्या सरसावल्या, हात धुतले, तपासलं. मग दाराकडं तोंड करून त्यानं विचारलं. देवीदास पाठ फिरवून उंबऱ्याबाहेर उभा होता. त्या इंग्रजी वाक्यात पार्बताबाईला एकच शब्द ओळखता आला. कमेन्स.

“काकू, कळा कधी सुरू झाल्या इचारते. तासांचा हिशेब पायजे म्हने. थोडाच वेळ झाला असन तं बाईले दम घेऊ देतो, वाट पाहतो. लय वेळ झाला असन तं आत्ताच हात घालतो, नाई तं ती हाती लागत नाही.” आणि लगेच, डॉक्टरला कळू नये म्हणून आवाज न बदलता, तो म्हणाला, “दुपारी म्हन. मी साऱ्यायले दुपारचंच सांगतलं आहे.”

“सकाळी,” पार्बताबाई म्हणाली. “दव व्हतं तवापासून.”

देवीदासनं पागोटं सारखं केलं.

“सांग त्याले!”

मग तो डॉक्टरला काहीतरी म्हणाला. त्याला वाईट म्हणणं सोपं आहे. आमच्या घरात म्हणतातच. पण साहेबानं बजावून सांगितलेला हुकूम त्याच्या माथ्यावर होता, आणि त्याच्या एका पागोट्याकडं बघून अख्खी भावकी आपली पोरं शाळेत घालायचा विचार करत होती. पार्बताबाई त्याच्या वाक्याकडं कान लावून होती. तिला इंग्रजी येत नव्हतं, पण रोज सकाळी दारात ऐकलेला एक शब्द त्या वाक्यात यायला हवा होता, आणि तो आला नाही.

डॉक्टरनं मान डोलावली आणि हात पुसायला लागला. तो थांबणार होता.

पार्बताबाईनं त्याची बाही धरली. परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावायची तिची ती पहिली वेळ. “कमेन्स मॉर्निंग,” ती म्हणाली. त्याला कळलं की नाही म्हणून तिनं पूर्वेच्या खिडकीकडं बोट केलं, मग स्वतःच्या छातीवर हात मारला, आणि पुन्हा म्हणाली, “मॉर्निंग. कमेन्स मॉर्निंग.”

डॉक्टरनं तिच्याकडं बघितलं, दाराकडं बघितलं आणि कामाला लागला. पार्बताबाईनं मडमचे खांदे धरले. पोरगा झाला. त्याला तिनं उलटा धरला, थापट्या मारल्या, त्याच्या तोंडात फुंकर घातली. तो रडला नाही. मडम वाचली.

संध्याकाळी डॉक्टर ओसरीवर हात धूत होता तेव्हा जे बोलला ते देवीदासनं खाली मान घालून काकूला सांगितलं. आणखी वाट पाहिली असती तर दोघंही गेली असती. सकाळी बोलावलं असतं तर दोघंही राहिली असती. या वेळी त्यानं एक शब्दही इकडचा तिकडं केला नाही, याची तिला खात्री होती.

साहेब अकोल्याहून परतला आणि देवीदासची नोकरी गेली. तो अकोल्याला एका आडत्याच्या दुकानात लागला आणि पुढे कधी मळ्यावर आला नाही. पार्बताबाईला कुणी काही बोललं नाही. उलट गोऱ्या डॉक्टरची बाही धरणारी म्हणून तिचं नाव झालं. घरोघरची बोलावणी वाढली, आणि आमच्या घरचं हात जोडणं तिथूनच सुरू झालं. लढाई संपली, भाव कोसळले, साहेबानं बंगला विकला. लोक तेवढंच सांगतात. त्यापुढचं मला तिनं एकदाच सांगितलं, मीच खोदून विचारलं म्हणून. मला त्या वेळी दिवस गेले होते, आणि मी तिला म्हटलं होतं, माझ्या वेळी तूच ये. ती म्हणाली, आधी हे ऐक, मग सांग.

बाळाला पुरल्यावर काही दिवसांनी मडमनं तिला बोलावून घेतलं होतं. देवीदास अजून गेला नव्हता, हिशेब देत होता. मडम उशीला टेकून बसली होती. ती रडत नव्हती, रागावलेलीही दिसत नव्हती. तिनं देवीदासकरवी विचारलं, तू रोज मला खरं सांगायचीस. त्या दिवशीच ‘नाही’ असं का म्हणालीस?

पार्बताबाईनं सगळं सांगितलं. आमच्यात कळा लागल्याचं सांगत नाहीत. जितक्या कानांवर जाईल तितक्या त्या लांबतात. तुला लवकर सुटका व्हावी म्हणून मी कुणाला कळू दिलं नाही. देवीदासनं ते इंग्रजीत सांगितलं. मडम शेवटपर्यंत ऐकत होती. मग ती देवीदासशी नाही, थेट पार्बताबाईशी बोलली, तिला कळत नाही हे ठाऊक असूनसुद्धा. थोडंसंच बोलली.

“काय म्हनते?” पार्बताबाईनं विचारलं.

देवीदासनं सांगितलं. “म्हनते, लोकायचे कान ठीक आहे. पन कळा माह्या होत्या. मले काहून नाई सांगतलं?”

एवढं सांगून पार्बताबाई माझ्याकडं बघत राहिली. मी विचारलं, मग तू काय म्हणालीस? ती म्हणाली, “काय म्हननार? ती इचारून राहिली होती ना सकाळपासून.”